समोर बसायचं काम

बारामती, ता. २६ नोव्हेंबर १९३७

पुण्याचं मासिक आलं. हे कोर्टातून आले ते काळा कोट न उतरवताच ओसरीवर वाचत बसले. मग एकदम आत येऊन म्हणाले, "ऐका, नवीन प्रकार आहे." नाव 'भाऊ आला होता'. लिहिणारे कोणी रा. उपासनी, पुण्यात शाळामास्तर आहेत म्हणे. याला नाट्यछटा म्हणतात (यापुढे ना. छ. लिहीन, शब्द फार लांब आहे). एकच माणूस बोलतो. समोरचं माणूस काय म्हणालं ते आपण समजून घ्यायचं.

यात नवरा बायकोशी बोलतोय. तिची आई आजारी म्हणून भाऊ न्यायला आला होता, आणि यानं त्याला दारातूनच परत पाठवलं. बायको तेव्हा नदीवर धुण्याला गेलेली. आता ती आल्यावर हा सांगतोय. आधी घरच्या अडचणी, मग चिडतो, मग थट्टा करतो, मधेच पाणी मागतो. शेवटी, "तुझं काही म्हणणं असेल तर सांग." पुढे छापलेली नुसती टिंबांची ओळ. मग, "नाही ना? मग झालं." पडदा.

यांनी झकास वाचलं. पाणी मागितलं तेव्हा मी खरंच उठले.

आत्याबाई लेकाला म्हणाल्या, "संपलं? आन् गानं कुठाय?" गाणं नसतंच यात म्हटल्यावर, "मंग हे नाटक न्हाय, ह्ये तर आपल्या घरातलंच," असं म्हणून जपमाळ घेऊन बसल्या.

कंपनीची नाटकं मी लहानपणी पाहिली. रात्रभर चालायची, एकेका पदाला चार-चारदा पुन्हा पुन्हा. हे दहा मिनिटांत संपलं आणि मला मात्र अजून संपल्यासारखं वाटत नाहीय. ती टिंबं. तेवढ्यात ती काय करत असेल?

ता. १ डिसेंबर

आज गंमत. हे परसात उभं राहून ना. छ. पाठ म्हणत होते, हातवारे करून. जळोचीची सखूबाई वांगी घेऊन आली होती, ती पाटी डोक्यावर तशीच ठेवून ऐकत उभी. हे म्हणाले, "दारातूनच सांगितलं त्याला, जमायचं नाही." तशी सखूबाई बोलली, "अवं वकीलसायेब, पर पानी तरी इचारलं का त्याला? केवढ्या लांबनं आला आसंल!"

हे गोरेमोरे. म्हणाले, "अहो बाई, नाटक आहे हे."

"नाटक? मंग बाई कुठाय त्यातली? येकटाच मानूस बडबडतोय."

मी तिला म्हटलं, बाई समोर आहे असं धरायचं. तिनं जरा विचार केला. म्हणाली, "आसंल बया. दिसत न्हाय म्हंजी न्हाय आसं थोडंच हाय." वांगी मोजून देऊन गेली. पण वाटेवर वळून पुन्हा विचारलंच, "मंग त्येची सासू मेली का जगली?"

ते लिहिलेलंच नाही. मी मासिक उघडून पुन्हा पाहिलं.

ता. ५ डिसेंबर

इंदापूरचे डॉक्टर, यांचे कॉलेजातले मित्र, सकाळच्या मोटारनं आले. त्यांच्या गावच्या वाचनालयात संक्रांतीनंतर नवीन छोट्या नाटकांची एक संध्याकाळ करायची आहे. दोन एकांकिका तिथली तरुण मंडळी करणार, आणि यांनी ही ना. छ. करावी. उपासनींना पुण्याहून बोलावणार.

हे खूश. लगेच प्रश्न, समोर कोण? डॉक्टर म्हणाले रिकामी खुर्ची ठेवू. हे म्हणाले खुर्चीशी बोलताना मला हसू येतं. मग डॉक्टर म्हणाले माझा कंपाउंडर बसेल लुगडं नेसून, त्यानं पूर्वी बायकांची कामं केली आहेत. ठरलं. आता घरी तालमीला कोण? हे मला म्हणाले,

"तोवर तू बस समोर. तुला काही करायचं नाही. नुसतं बसायचं."

ता. ९ डिसेंबर

नुसतं बसणं फार अवघड आहे. हात कुठं ठेवायचे? आज मेथी निवडायला घेतली. हे मधेच थांबले. "ती जुडी ठेव ना. तू ऐकतच नाहीस असं वाटतं." मी म्हटलं, बायका असंच ऐकतात. हे म्हणाले, "असेल. पण मग मला ओरडून बोलावंसं वाटतं." आणि खरंच, आज यांचा आवाज चढाच होता.

म्हणजे मी काय करते त्यावर ते कसे बोलतात हे ठरतं? हे पाहायला पाहिजे.

ता. ११ डिसेंबर

पाहिलं. काल खाली मान घालून बसले, तर हे मोठे प्रेमळ झाले, समजूत काढल्यासारखे. आज सगळा वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टेचं वाक्य आलं तिथं अडखळले. शब्द तेच, एकही इकडचा तिकडे नाही, आणि माणूस रोज वेगळा. उपासनींना हे ठाऊक असेल का?

यांना मी सांगितलं नाही मुद्दाम करते म्हणून. हे म्हणतात, "रोज वेगळंच साधतंय, अजून बसत नाही काम."

ता. १२ डिसेंबर

वडगावहून गूळ आला. आत्याबाईंचा गुडघा दुखतोय. तालीम नाही. रिकाम्या रिकाम्यासारखं वाटलं.

ता. १४ डिसेंबर

आज टिंबांपाशी काहीतरी झालं.

हे म्हणाले, "तुझं काही म्हणणं असेल तर सांग." आणि मला एकदम तो चहाचा ट्रे आठवला. दोन वर्षं झाली. कन्याशाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या होत्या. त्यांच्याकडे एक जागा रिकामी झालेली, मी सातवीची फायनल पास, त्यांना मी हवी होते. मी आतून चहा घेऊन येईपर्यंत यांनी सांगूनही टाकलं होतं, "घरचं सगळं हिच्यावरच आहे, जमायचं नाही." मग माझ्याकडे वळून, "नाही का गं?" मी कप खाली ठेवले. बाईंनी एक घोट घेतला आणि उन्हाळा फार आहे म्हणाल्या.

मी त्यावर कधी रडले नाही की भांडले नाही. विसरलेच होते असं वाटत होतं. आज टिंबांच्या जागी ते सगळं माझ्या तोंडावर आलं असणार, कारण हे पुढचं वाक्य विसरले.

"काय झालं गं?"

"काही नाही. तुमचं चालू द्या."

"नाही, तू असं का बघितलंस?"

"बसायचं काम करतेय."

हे हसले. पण पुन्हा पहिल्यापासून म्हटलं नाही.

ता. १७ डिसेंबर

मासिकाचे मागचे अंक काढून बसले. आधी हे वाचायचे, मी पाककृती तेवढ्या बघायची. आता या छोट्या नाटकांचा नाद लागलाय. एक एकांकिका दोन साडूंची. स्टेशनावर गाडीची वाट बघत बोलतात आणि गाडी यायच्या आत दोघांचं आयुष्य आपल्याला कळून चुकतं. गाडी येत नाहीच, पडदा पडतो. दुसरी एक ना. छ., देवळात एक बाई देवाशी बोलते. चांगली लिहिलीय, डोळ्यांत पाणी येतं. पण तिथं समोर देव आहे, तो गप्प राहणारच. त्याच्या गप्प राहण्याचं कोडं पडत नाही. उपासनींच्या बायकोचं पडतं.

मोठ्या नाटकात सगळं सांगून टाकतात. यांत न सांगितलेलं जास्त. वाचणाऱ्यालाच अर्धं करावं लागतं. हे आवडतंय मला.

यांना म्हटलं, ही माणसं कोण असतील लिहिणारी? म्हणाले, "तुझ्या-माझ्यासारखीच. पोरांच्या वह्या तपासून झाल्यावर लिहीत असतील."

ता. २७ डिसेंबर

कंपाउंडर येऊन गेला तालमीला. नामदेव नाव. कार्यक्रमासाठी मिशी काढणार आहे म्हणाला, बायकोची परवानगी घेतली आहे. पदर घेतला आणि खरंच बाई दिसला! बसण्याची ढब, पायाचा अंगठा जमिनीवर फिरवणं, सगळं सुरेख. आत्याबाई दारातून बघून म्हणाल्या, "आमच्यापरीस चांगली बसतीया की ही."

टिंबांपाशी पदराला डोळे पुसले, खांदे हलवले. हे लगेच सुटल्यासारखे "नाही ना? मग झालं" म्हणाले, अगदी सहज.

माझं मन मात्र खट्टू. रात्री विचार केला. ती रडली की त्याचं काम सोपं होतं. रडणाऱ्या बाईला काय उत्तर द्यायचं ते प्रत्येक पुरुषाला पाठ असतं. पण ती नुसती बघत राहिली तर?

हे नामदेवावर खूश आहेत. मी काही बोलले नाही. मला कोण विचारतंय. (पाहा, हेच ते.)

ता. १६ जानेवारी १९३८

हळदीकुंकू झालं. ओसरी भरली होती. वाण द्यायच्या आधी मी म्हटलं, एक गंमत वाचून दाखवते. मासिक आणलं. हे घरी नव्हते. सखूबाईसुद्धा तिळगूळ घ्यायला आलेली, पायरीवर बसली.

नवऱ्याचं बोलणं मी वाचायचं म्हणजे आधी लाज वाटली. मग आवाज आपोआप जाड झाला, बायका खो खो हसल्या. थट्टेच्या वाक्यावर मात्र हसू कमी झालं. पाणी मागितलं तिथं कोणी तरी "घे, हेच राहिलं होतं" म्हणालं. टिंबांपाशी मी थांबले. म्हटलं, इथं ती काय म्हणत असेल, सांगा.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सगळ्याच बोलायला लागल्या.

"म्हणेल, मी निघाले, तुम्ही भाकरी थापा."

"छे, ती विचारील भावानं आईचं काय काय सांगितलं ते. पहिलं तेच."

सखूबाई म्हणाली, "काय बी म्हननार न्हाय. घागर घ्येईल आन् सरळ म्हायेरच्या वाटंला लागंल."

पोस्टमास्तरांची बायको, कधी फारशी न बोलणारी, हळूच म्हणाली, "म्हणेल, पान वाढू का?"

यावर कोणी हसलं नाही. मी वाण वाटायला घेतलं.

कन्याशाळेच्या मोठ्या बाईही आल्या होत्या. त्या ऐकत होत्या नुसत्या. निघताना कुंकू लावून घेतलं आणि म्हणाल्या, "जूनमध्ये पुन्हा एक जागा निघतेय. विचारायचं कोणाला, ते या खेपेला तुम्हीच सांगा."

मी हातातली वाटी तशीच धरून उभी. त्या गेल्यासुद्धा.

ता. १८ जानेवारी

यांना जागेचं सांगितलं नाही. आज सांगणार होते. एका पक्षकाराची केस हरले म्हणून डोकं धरून बसले होते. उद्या.

ता. २० जानेवारी

उद्या नाही झालं.

इंदापूर, ता. २२ जानेवारी

डॉक्टरांकडे उतरलो आहोत. आत्याबाईही बरोबर, त्यांना नरसिंहपूरला जायचं होतं. आज पहाटेच्या मोटारनं जाऊन दर्शन घेतलं. संगमावर पाणी स्वच्छ. आत्याबाईंनी नीरेचं वेगळं आणि भीमेचं वेगळं असं दोन हातांनी तोंडाला लावलं. मी म्हटलं, कळतं का हो वेगळं? म्हणाल्या, "कळाया कशाला पायजे. लावायचं."

परत आलो तर इकडे गोंधळ. नामदेव थंडीतापानं फणफणलेला, दोन गोधड्या घालूनही कापतोय. मिशी मात्र काढून बसलेला बिचारा. कार्यक्रम उद्या.

उपासनी आले आहेत. मला वाटलं होतं कोणी पोक्त गृहस्थ. तिशीचेसुद्धा नसतील, काडीसारखे, चष्मा. डॉक्टर म्हणाले, मग रिकामी खुर्चीच. उपासनी म्हणाले, "चालेल. खरं सांगायचं तर लिहिताना माझ्यासमोर खुर्ची रिकामीच होती. बाई काय करते याचा मी विचारच केला नव्हता. टिंबं दिली आणि सुटलो."

मी चहा देत होते. म्हणून गेले, "विचार नव्हता केला?"

त्यांनी चमकून पाहिलं. मग मी रोज काय काय करून पाहिलं ते सगळं सांगितलं. मेथी, खाली मान, वर मान. हेही ऐकत होते. यांना आजच कळलं. उपासनी चहा प्यायचे विसरले. म्हणाले, "मग उद्या तुम्हीच बसा."

मी म्हटलं, "बसते."

डॉक्टर यांच्याकडे बघायला लागले. हे सरळ 'नाही' असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "लोक काय म्हणतील? पक्षकार येणार आहेत माझे." आत्याबाई आतून म्हणाल्या, "तोंडानं कायी बोलायचं न्हाय न्हवं तिला?" नाही म्हटल्यावर, "आन् पदर डोक्यावर?" हो म्हटल्यावर, "मंग बसू दे. जल्मभर बसलोच की आमी."

बारामती, ता. २४ जानेवारी

कालचं लिहिते. मोटारीत अंग आंबलंय, पण आज लिहिलं नाही तर निसटेल.

दिवेलागणीला सुरू झालं. वाचनालयाच्या अंगणात फळ्या टाकलेल्या, दोन गॅसबत्त्या. बायकांना डाव्या बाजूला सतरंजी. आधी त्यांच्या दोन एकांकिका झाल्या, पहिलीत एकजण पाठ विसरला आणि लोकांनीच त्याला सांगितलं. मग आमचं.

मी जाऊन बसले तेव्हा कुजबूज उठली. कान तापले. मांडीवर हात ठेवले, ते काही केल्या माझे वाटेनात. हे सुरू झाले. छान बोलत होते, लोक हसत होते. हळूहळू हसणं फक्त उजवीकडून यायला लागलं. यांनाही ते कळलं असावं, कारण थट्टेचं वाक्य यांनी भराभर उरकलं.

पाणी मागितलं. मी उठले नाही. ठरवलं नव्हतं. हे तांब्याकडे स्वतः गेले.

मग, "तुझं काही म्हणणं असेल तर सांग."

मी पाहिलं त्यांच्याकडे. रागानं नाही, कसनुसं तोंड करून नाही. खरंच सांगायचं होतं आणि ते ऐकतील का एवढंच बघत होते. हे थांबले. टिंबं किती लांब असावीत ते कुठं छापलेलं नाही. बायकांतून कोणीतरी कळवळून बोललं, "बोल की गं बाई!" गॅसबत्तीचा फुर्र आवाज ऐकू येत होता. यांच्या ओठांवर "नाही ना" आलं, मला दिसलं. पण म्हणाले नाहीत.

म्हणाले, "राहू दे. आपण बोलू."

आणि पडदा धरणाऱ्याला काय करावं कळेना. डॉक्टरांनी खूण केली तेव्हा पडला.

टाळ्या झाल्या. आत खोलीत उपासनी यांच्यापुढे उभे. "वकीलसाहेब, हे वाक्य माझं नाही."

"विसरलो मी. माफ करा."

"तुम्ही पन्नासदा म्हटलेलं वाक्य विसरलात?"

हे टोपी शोधायला लागले. उपासनी रागावले होते की नाही सांगता येत नाही. मला म्हणाले, "तुमचं बसणं मी विसरणार नाही. पण माझ्या नाटकातला नवरा थांबला नसता. तो थांबला तर नाटकच उरत नाही. पुस्तकात छापताना मी 'मग झालं' असंच ठेवणार." मी म्हटलं, ठेवा.

परतीच्या वाटेवर हे मोटारीबाहेर बघत बसले. आत्याबाई खिडकीपाशी डुलत होत्या. लासुर्ण्यापाशी मोटार थांबली, हे उतरून मला पेरू घेऊन आले. मीठ लावून आणलेले.

ता. २६ जानेवारी

उपासनींचं बरोबर आहे. दोन दिवस विचार करतेय. तो नवरा "मग झालं" म्हणतो म्हणून तर आपल्याला घरी येऊन चैन पडत नाही. "आपण बोलू" म्हटलं की ऐकणारा निवांत घरी जातो. नाटक म्हणून पाहिलं तर यांनी ते बिघडवलं.

मग मला एवढं बरं का वाटलं? आणि खरंच विसरले का हे? कोर्टात दहा-दहा पानं न बघता बोलणारा माणूस.

सखूबाईला आज सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आपन बोलू म्हनला? कवा म्हनला? वार सांगितला का?"

ता. २९ जानेवारी

पक्षकारांपैकी एकानं यांना विचारलं म्हणे, "बाईसाहेब होत्या का हो त्या?" हे म्हणाले, "होय." एवढंच सांगितलं मला, जेवताना. आवाजात काय होतं ते लागलं नाही.

ता. १ फेब्रुवारी

संध्याकाळी भाकऱ्या करत होते. हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. इथं कधी येत नाहीत. आधी म्हणाले मासिक आलं का. नाही म्हटलं. मग म्हणाले लाकडं ओली दिसतात. हो म्हटलं.

मग, "त्या दिवशी मी थांबलो ना. तेव्हा तुला काय म्हणायचं होतं?"

"नाटकात?"

"नाटकात म्हण पाहिजे तर."

तव्यावर भाकरी होती, ती उलटली. पीठ लागलेले हात, तसेच पदराला पुसले. आत्याबाई माजघरात होत्या, माळेचा आवाज थांबला होता. जूनला अजून किती अवकाश आहे, आणि हे ऐकून नाही म्हणतील की हो म्हणतील, मला काही म्हणता काही अंदाज नव्हता. पाट पुढं सरकवला.

"बसा," म्हटलं. "सांगते."

हे बसले.